खापरपणजोबा जिवंतच होते

आत्याने गिरगावच्या घरातला खापरपणजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात पालथा ठेवला. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवरचा मेसेज: ‘जुन्या फोटोत पायांमागे लोखंडी स्टँड दिसला तर तो माणूस मेलेला. प्रेताला स्टँडला उभं करून फोटो काढत. म्हणून त्यात कुणी हसत नाही. आणि फोटो फक्त राजेरजवाड्यांना परवडायचा.’ वाचून डोकंच फिरलं.

तो स्टँड जिवंत माणसासाठी असायचा. 1851 नंतरच्या ओल्या काचेच्या पद्धतीतही (रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घेत) एक्स्पोजरला, म्हणजे काचेवर प्रकाश पडू द्यायला, काही सेकंद लागत. तेवढ्यात मान हलली तर चेहरा पुसट होई, म्हणून त्या स्टँडच्या वरच्या टोकाचा चिमटा डोक्यामागे टेकवत. स्टुडिओचं सामान विकणारे हा स्टँड ‘हेड-रेस्ट’ म्हणूनच विकत. डोकं टेकवायच्या त्या दांडीवर अख्खं प्रेत कसं पेलणार? गुडघ्यात वाकून खाली येईल.

आत्याच्या फोटोत तर पुरावा समोरच आहे. खापरपणजोबांच्या पगडीची घडीन् घडी स्वच्छ दिसते, पण घड्याळाच्या साखळीवरची बोटं धूसर आहेत. ती हलली म्हणून धूसर! मेलेल्याची बोटं हलतात का?

युरोप-अमेरिकेत मृतांचे, विशेषतः तान्ह्या बाळांचे फोटो काढत, एवढं मान्य. पण त्यात बाळ आईच्या मांडीवर किंवा अंथरुणावर निजलेलं असे, स्टँडला उभं केलेलं नव्हे.

हसण्याचं म्हणाल, तर फोटोला बसताना गंभीर राहणं हीच तेव्हाची रीत होती.

राजेरजवाड्यांची गोष्ट मात्र साफ खोटी. 1854 मध्ये पॅरिसच्या दिस्देरी या फोटोग्राफरने एकाच काचेवर अनेक फोटो घ्यायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. साधारण 6 बाय 9 सेंटीमीटरचे ते फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून मिळत, आणि किंमत उतरली. लोक ते एकमेकांना देत, अल्बम भरत. व्हिक्टोरिया राणीचे फोटोही दुकानात विकत मिळत. मुंबईत त्याच 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या सोसायटीत होते, स्वतः फोटो काढत. मजुराच्या आवाक्यात फोटो नव्हता हे खरं, पण कारकून, वकील, व्यापारी हौसेने स्टुडिओत जात. आमच्या फोटोतली कोरीव खुर्ची आणि मागचा रंगवलेला पडदा स्टुडिओचाच. पगडी तेवढी घरची.

काल आत्याला भिंग देऊन ती बोटं दाखवली. तिने पदराने काच पुसली आणि म्हणाली, “खिळा तिथेच आहे, लाव परत.”