अर्ध्या ओळीचं शहाणपण

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची पोरं दिवसदिवस बसून असतात. तिथल्या भिंतींवर एक ओळ हटकून भेटते: 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.' वाचून हुरूप येतो. पण कवीला कुणाला हुरूप द्यायचाच नव्हता!

श्लोक मूळचा भर्तृहरीच्या नीतिशतकातला, मराठीत आणला वामन पंडितांनी. एकवेळ वाळू रगडून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडताना सशाचं शिंगसुद्धा सापडेल. आणि मग चौथा चरण: 'परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी.' म्हणजे वाळूतून तेल निघत नाही, हे गृहीत धरूनच श्लोक उभा आहे. सगळा रोख हट्टाला पेटलेल्या मूर्खावर. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर ज्यांनी राजकारणाचा वाद घातलाय, त्यांना याचा अर्थ समजावायला नको.

एका अभ्यासिकेच्या मालकांना म्हटलं, चौथा चरणही लावा की. म्हणाले, "सर, पोरांना वाटेल त्यांनाच उद्देशून आहे." यावर काय बोलणार?

त्या पाटीवर माझा राग नाही. रात्री उशिरा चहा पिऊन पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या पोराला पहिला चरण पुरतो, पुरू द्या. शिखरिणी वृत्तात बसवलेली ओळ एकदा जिभेवर चढली की उतरत नाही, म्हणून तर ती इतकी टिकली. तोंडोतोंडी चालताना काही गळणारच. तक्रार एवढीच की आपल्याकडे गळतं ते नेमकं टोचणारं, आणि उरतं ते गोड.

चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. साहेबांचा फोटो, शेजारी चिरंजीव, खाली 'शुद्ध बीजापोटी । फळे रसाळ गोमटी'. तुकोबांनी पुढे त्या फळाची लक्षणं सांगितलीत: मुखी अमृताची वाणी, देह देवाच्या कारणी वेचलेला, चित्त गंगाजळासारखं. हे छापायचं तर चिरंजिवांची पंचाईत. घराण्याची बढाई मारायला अभंगाची पहिली ओळ बरी पडते.

पण सगळ्यात जास्त हाल 'ठेविले अनंते तैसेचि राहावे'चे. हात झटकायचे असले की कुणीही ही ओळ पुढे करतं. अरे, ही ओळ कोणाची आहे? दुष्काळात ज्याचं द्रव्य गेलं, मान गेला, बायको 'अन्न अन्न' करत गेली, त्या माणसाची, तुकोबांचीच. हे त्याने स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय. आणि हाच माणूस दुसरीकडे 'नाठाळाचे माथी हाणू काठी' म्हणतो. एवढं सोसलेल्या माणसाने समाधानाची गोष्ट केली तर ती ऐकावी. पंख्याखाली बसून दुसऱ्याला ऐकवू नये.

आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद आहे. मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं तेव्हा सेक्रेटरी हसत म्हणाले, "काय करणार आजी, ठेविले अनंते..." स्वतः तळमजल्यावर राहतात. आजी दरवर्षी आळंदीला जाणाऱ्या, गाथा तोंडपाठ. त्यांनी काठी उचलून शांतपणे दुसरा अभंग म्हणायला घेतला, 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास', आणि काठीच्या ओळीपर्यंत आल्यावर थांबल्या.

मेकॅनिक शनिवारी येतोय.