सायकलीसह प्रदक्षिणा

"मला सायकल येते," असं मी मे महिन्यात मुलीच्या कॅलिफोर्नियातल्या घरी चहात खारी बुडवता बुडवता म्हणालो. विषय काही वेगळाच चालला होता. पण जावयांनी लगेच फोन काढला आणि एका मित्राची माउंटन बाइक शनिवारसाठी मागून घेतली.

सायकल येते म्हणजे येतेच. एकतीस वर्षं मी सदाशिव पेठ ते कॅम्पातली बँक सायकलवर केली आहेत. मागे कॅरिअरला दळणाचा डबा आणि पुढे दांडीवर मुलगी. मुलगी साक्षीला समोरच होती. दांडीचे वळ अजून आठवतात, एवढंच ती म्हणाली.

जायचं होतं लेक शॅबोला. कॅस्ट्रो व्हॅलीला लागून हे तळं आहे, भोवती टेकड्या आणि झाडी. ही आणि मुलगी पायी, जावई आणि मी सायकलवर, असा बेत. पायी फेरी नऊ मैलांच्या आसपास. सायकलची वाट लांबून जाते, ती साधारण साडेबारा मैल, म्हणजे वीस किलोमीटर. वीस किलोमीटर म्हणजे खडकवासल्याच्या थोडं पुढे. तिथवर तर मी कणीस खायला जात असे.

पहिला पेच धक्क्यावरच पडला. जावयांच्या फोनमध्ये आखलेली वाट पूर्व किनाऱ्याने निघत होती. ही म्हणाली, "अहो, म्हणजे तळं डाव्या हाताला येणार. प्रदक्षिणा अशी घालतात का?"

"आई, हे देऊळ नाहीये," जावई म्हणाले.

"पाणी आहे ना?"

यावर आयटीतल्या माणसाकडे उत्तर नसतं. आम्ही पश्चिमेच्या वेस्ट शोअर ट्रेलला लागलो, तळं उजव्या हाताला ठेवून.

आता सायकलीविषयी. हिला स्टँड नव्हता. कॅरिअर नव्हतं, मडगार्ड नव्हतं, कुलूप नव्हतं. घंटी होती, पण बटणाएवढी. टिचकी मारली की देवघरातली वाटी पडल्यासारखा आवाज यायचा. सीटवर बसलो तर पुढचा भाग फुस्स करून खाली गेला. मी घाबरून उतरलो. ते सस्पेन्शन असतं म्हणे. गिअर बारा होते. मला आयुष्यात उतार आणि चढ असे दोनच माहीत होते, आणि चढाला आपण उतरून चालतो.

खरी गोम ब्रेकमध्ये होती. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या. एकतीस वर्षांत डाव्या हाताची बोटं हे शिकून बसली आहेत. अमेरिकेत ते नेमकं उलट असतं, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दहाव्या मिनिटाला समोरून एक बाई कुत्रा घेऊन आल्या. मी सवयीप्रमाणे डावा ब्रेक कचकन दाबला. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मागचं थांबलं नाही. मी हँडलवर पोट टेकून त्या कुत्र्याला जवळजवळ मुजरा केला. बाई म्हणाल्या, "यू ओके?" मी म्हणालो, "येस येस." या मुक्कामातला माझा निम्मा इंग्रजी संवाद हाच आहे.

डांबरी वाट धरणापाशी संपते. हे धरण 1874-75 मध्ये अँथनी शॅबो नावाच्या गृहस्थांनी बांधलं. शेकडो चिनी मजूर राबले, आणि मातीचा भराव दाबून घट्ट बसावा म्हणून त्यावरून रानटी घोड्यांचे कळप पुढे-मागे पळवले. हे जावयांनी मला सांगितलं तेव्हा मी वाकून धापा टाकत होतो. त्या घोड्यांविषयी मला फार जवळीक वाटली.

धरणापासून वाट चढू लागते. फार चढते. आणि इथे एक फसवणूक लक्षात आली: सायकलची वाट तळ्याला सोडून सरळ टेकडीवर जाते. ज्याला प्रदक्षिणा घालायची तोच दिसत नाही. गाभारा बंद आणि आपण शिखराला फेऱ्या मारतोय, असा प्रकार. दिसत होती ती निलगिरीची उंचच उंच झाडं. ती मूळची ऑस्ट्रेलियातली, इथे आणून लावलेली. वाऱ्याला सर्दीच्या मलमाचा वास होता. माझं नाक मोकळं झालं, बाकी काही झालं नाही.

"बाबा, गिअर टाका," जावई वरून ओरडले.

मी टाकला. पाय गरागरा फिरू लागले, सायकल जागची हलेना. मग दुसरा टाकला. सायकल हलायला तयार, पण पाय फिरेनात. तिसऱ्याला साखळीतून असा आवाज आला की मी सभ्यपणे उतरलो आणि चालू लागलो. तिथून पुढे त्या सायकलला मी फिरवून आणलं असं म्हणणंच योग्य.

या वाटांवर एक पिवळी त्रिकोणी पाटी असते. सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. म्हणजे लक्ष्मी रोडच्या बरोबर उलट. सुरुवातीला मला हा अपमान वाटला. अर्ध्या तासात कळलं की ही सोय आहे. समोरून माणूस दिसला की मी बाजूला सरून, हात पुढे करून, "प्लीज, प्लीज" म्हणत त्याला वाट द्यायचो, तो दिसेनासा होईपर्यंत. एवढा सुसंस्कृत सायकलस्वार त्या डोंगराने पाहिला नसेल. पुढे तर मी घोड्याची वाट पाहू लागलो. घोडा आला नाही. रानटी टर्की आल्या, अकरा होत्या. त्यांनाही दिली.

वाट द्यायची तर सायकल कुठेतरी ठेवायला हवी, आणि स्टँड तर नव्हता. म्हणून दर वेळी मी ती कडेच्या झुडपाला टेकवत होतो. हिरवंगार, तुकतुकीत झुडूप. तीन-तीन पानांचं. मला बेलाची आठवण झाली.

लाइव्ह ओक ट्रेलचा उतार आला तेव्हा जावई गंभीर झाले. ही वाट उलट दिशेने, म्हणजे चढून येताना माणसं रडतात म्हणे. हिच्या प्रदक्षिणेमुळे आम्हाला ती उतरायची होती. वरून पाहिलं तर वाट खाली जात नव्हती, पडत होती. जावयांनी धीर द्यायला इतिहास काढला. माउंटन बाइकचा खेळ खाडीपलीकडच्या मॅरिन काउंटीतच रुजला. 1976 साली तिथे काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर डोंगरउताराच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असायचा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, आणि दर वेळी नवं भरावं लागायचं. म्हणून त्या वाटेचं नावच पडलं 'रीपॅक'.

मी म्हणालो, "मग आपलं ग्रीस वाचवू." आणि सायकलचा कान धरून चालत उतरलो. चढाला सायकल ढकलावी लागते हे ठाऊक होतं. उताराला ती आपल्याला ढकलते हे नवं होतं.

ईस्ट शोअरच्या डांबरी रस्त्यावर पुन्हा तळं दिसलं. निळंशार. उडी मारावीशी वाटली, पण पोहायला बंदी आहे. हे पिण्याचं राखीव पाणी. शेवटचा पल्ला मात्र मी सायकलवर बसून, मान ताठ करून पुरा केला, कारण धक्क्यावरच्या बाकावरून ही बघत असणार याची खात्री होती.

बघत होतीच. शेजारी दशम्यांचा डबा उघडा, निम्मा संपलेला. दोघी पाऊण तास आधी पोचल्या होत्या.

"बाबा, तू पूर्ण चालवलीस?" मुलीने विचारलं.

"म्हणजे काय!"

हिने काही न बोलता फोन पुढे केला. पलीकडच्या टेकडीचा फोटो होता, दोन बोटांनी मोठा केलेला. वर भगवं हेल्मेट घातलेला एक ठिपका आणि त्याच्या बाजूला, त्याच्याच वेगाने चालणारी सायकल. जावयांनी दशमीकडे लक्ष वळवलं.

तिसऱ्या दिवशी माझे हात सुजून लाल झाले. खाज अशी की झोप नाही. मुलीने पुरळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "पॉयझन ओक! इथे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं, तीन पानं दिसली की हात लावायचा नाही."

"आमच्याकडे तीन पानं दिसली की शंकराला वाहतात," मी म्हणालो.

हिने एका दृष्टीत निदान केलं, "हे बिब्बा उतल्यासारखंच दिसतंय." आणि गंमत म्हणजे ते खरं निघालं. बिब्बा, काजू, आंबा आणि हे झुडूप, सगळी एकाच कुळातली. त्याचं तेल कशालाही चिकटतं आणि धुतल्याशिवाय जात नाही. कपड्यांना, बुटांना, सायकलीच्या हँडलला.

संध्याकाळी जावईही हात खाजवत ऑफिसातून आले. गाडीवर सायकल त्यांनीच चढवली होती.

सायकल रविवारीच परत गेली आहे. त्या मित्राला फोन कुणी करायचा, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.