बेस काढा, काय फरक पडतो?

रॉकच्या चाहत्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे, आणि दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तो नव्याने पुढे ढकलतं. सारांश असा: प्रायोगिक रॉकमध्ये खरं काम गिटार, ड्रम आणि गोंगाटाचं, बेस (खर्जातल्या जाड स्वरांची, बहुधा चार तारांची गिटार) नावापुरता. तिथे काहीही वाजवलं तरी खपतं, म्हणून ज्याला गिटार जमत नाही त्याच्या गळ्यात बेस अडकवतात. तो धड ऐकूही येत नाही, बेसवाल्याच्या डोक्यातून काही निघत नाही, आणि पुरावाच हवा तर बघा, या प्रवाहातल्या काही नावाजलेल्या बँडमध्ये बेस नव्हताच.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सरळसाध्या रॉकमध्ये बेसवाला अधूनमधून झोपला तरी गाणं निभावून जातं, कारण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह), चाल, मुखडा सगळं ठरलेलं असतं. गिटारने कॉर्ड सोडले आणि गायकाने चाल सोडली, की पायाखाली जमीन आहे की नाही हे सांगायला बहुतेक वेळा बेसच उरतो.

‘काहीही वाजवलं तरी चालतं’ हे आधी घेऊ. या आरोपाचं लाडकं उदाहरण म्हणजे अमेरिकन गायक-रचनाकार कॅप्टन बीफहार्टचा १९६९चा अल्बम ‘ट्राउट मास्क रेप्लिका’. पहिल्यांदा ऐकताना सगळे वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाजवताहेत असंच वाटतं. प्रत्यक्षात बँडने लॉस एंजेलिसमधल्या एका घरात महिनोन्‌महिने तालीम केली होती. बीफहार्ट पियानोवर तुकडे वाजवायचा, ड्रमर जॉन फ्रेंच ते लिहून काढायचा आणि ज्याचे त्याला शिकवायचा. मार्क बोस्टनचा बेस तिथे गिटारची सावली नाही. त्याची स्वतःची वाक्यं आहेत, स्वतःच्या लांबीची. समजा गिटारचं वाक्य सात मात्रांचं आणि बेसचं पाच मात्रांचं. दोघं एकत्र सुटले तर पुन्हा समेवर भेटायला ३५ मात्रा जातात. तोवर शेजाऱ्याच्या वजनात ओढलं न जाता आपलं वाक्य धरून ठेवायचं. हे कधी करून पाहिलेला माणूस ‘काहीही’ हा शब्द परत वापरणार नाही. एवढ्या तालमीनंतर बहुतेक वाद्यभाग स्टुडिओत एकाच बैठकीत उरकले गेले. सुचेल ते वाजवणाऱ्यांना अशी बैठक मारता येत नाही.

‘गिटार न जमलेल्यांचं काम.’ यात थोडं तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. १९७८ मध्ये पब्लिक इमेज लिमिटेड हा ब्रिटिश बँड सुरू झाला तेव्हा जा वॉबल बेसवर जवळजवळ नवखा होता. ‘धिस हीट’ या बँडमधला गॅरेथ विल्यम्स संगीत शिकलेला नव्हता. पण नवखा असणं वेगळं आणि गिटारमध्ये नापास होऊन आलेला असणं वेगळं. आता दुसरी बाजू पाहा. कॅन या जर्मन बँडचा बेसवादक होल्गर चुकाय जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेनकडे संगीतरचना शिकून आला होता. हेन्री काउ या ब्रिटिश बँडमध्ये १९७६ साली बेस हाती घेणारी जॉर्जिना बॉर्न मुळात चेलोवादक. फ्रान्सच्या मॅग्मा बँडमधला बेसवादक यानिक टॉपही चेलोच्याच मुशीतला.

टॉपपाशी जरा थांबू या, कारण दावा करणाऱ्यांनी ही गोष्ट कधी जवळून पाहिलेली नसते. नेहमीच्या बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी अशा लावतात, दोन शेजारच्या तारांत षड्ज-मध्यमाचं अंतर. टॉपने चेलोसारखी सी, जी, डी, ए ही जुळणी घेतली, म्हणजे षड्ज-पंचमाचं अंतर. खालची तार ४१ हर्ट्झवरून ३३च्या आसपास उतरते, वरची ९८ वरून ११० वर चढते. त्याच चार तारांत खर्जही वाढतो आणि वरची झेपही. किंमत बोटांना मोजावी लागते. स्वर लांब लांब पसरतात, त्यामुळे हात सतत सरकवावा लागतो, आणि साध्या बेससाठी घोटलेली बोटांची सगळी वळणं मोडून पुन्हा बसवावी लागतात. बदल्यात एकाच पडद्यावर एक बोट आडवं ठेवलं की शेजारच्या दोन तारांवर षड्ज-पंचम मिळतो. खर्जात गंधारासारखी जवळची जोडी वाजवली की नुसता चिखल होतो, त्यावर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं) घातलं तर विचारूच नका. पंचम मात्र डिस्टॉर्शनमध्येही शाबूत राहतो. दोन कंपनसंख्यांचं प्रमाण २:३ असल्यामुळे त्यांच्यातला फरक बरोबर खालच्या सप्तकातल्या षड्जावर पडतो आणि आवाज आणखी जड होतो. पुढे अमेरिकेतल्या लाइटनिंग बोल्ट बँडच्या ब्रायन गिब्सननेही हीच जुळणी घेतली, आणि वरच्या सुरासाठी चक्क बँजोची तार लावली. एवढा खटाटोप ‘गिटार जमली नाही’ म्हणून कोण करतं?

आता ‘ऐकूच येत नाही’. कशावर ऐकता, हा माझा पहिला प्रश्न. साध्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर पोचतच नाही. तो त्याच्या पटीतले बरेच वरचे उपस्वर तेवढे देतो आणि मूळ स्वर मेंदू अंदाजाने भरून काढतो. सूर कळतो, वजन गायब. यात वाजवणाऱ्याचा काय दोष? पब्लिक इमेजने या वजनासाठी वेगळीच वाट धरली. खोल स्वराला रेकॉर्डवर रुंद खाच लागते, आणि एका बाजूला जास्त मिनिटं कोंबायची तर बेस कापावा लागतो. म्हणून १९७९ चा ‘मेटल बॉक्स’ मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाच्या तीन बारा इंची तबकड्यांवर, पत्र्याच्या गोल डब्यात घालून विकला गेला. पुढच्याच वर्षी तो साध्या दोन तबकड्यांवर ‘सेकंड एडिशन’ म्हणून आला, पण पहिला आग्रह कशासाठी होता ते त्यातल्या ‘अल्बट्रॉस’ची पहिली दोन मिनिटं चांगल्या स्पीकरवर ऐकलीत की कळेल. स्वान्स बँडच्या १९८३च्या ‘फिल्थ’ अल्बमवर तर दोन-दोन बेस आहेत. ऐकू न येणारी गोष्ट कोणी दुप्पट करत नाही.

‘कल्पना इतरांच्या’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. सॉफ्ट मशीन बँडच्या ‘थर्ड’ अल्बमची (१९७०) सुरुवात ज्या ‘फेसलिफ्ट’ने होते, ती बेसवादक ह्यू हॉपरची रचना. मॅग्माची जवळपास अठरा मिनिटांची ‘डे फ्यूचुरा’ टॉपची. कॅनच्या तासन्‌तास चाललेल्या वादनातून टेप कापून, जोडून अल्बम घडवणारे हात चुकायचे. आणि १९७१च्या ‘टॅगो मॅगो’वरच्या ‘हालेलुह्वा’त हाच माणूस अठरा मिनिटांहून जास्त वेळ मोजक्या स्वरांवर ठाम बसतो, तबल्याच्या सोलोमागे लेहरा धरणाऱ्यासारखा. वरचे बाकीचे कुठेही भटकू शकतात ते त्याच्या जिवावर.

राहता राहिला त्यांचा सगळ्यात बरा मुद्दा: काही बँड बेसशिवाय चालले. चालले, खरं आहे. पण मग जपानचे रुइन्स १९८५ पासून मुख्यतः फक्त ड्रम आणि बेसवर चालले, लाइटनिंग बोल्टचंही तेच. या तर्काने उद्या गिटारच निकामी ठरवावी लागेल. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या ‘सिस्टर रे’ गाण्यामध्ये (१९६८) बेस नाही, कारण एरवी बेस सांभाळणारा जॉन केल तिथे ऑर्गनवर बसला आहे. त्या सतरा मिनिटांत गोंगाटाला टेकायला जागाच मिळत नाही, तो नुसता फुगत जातो. मला ते आवडतं. पण ते आवडण्याचं कारणच मुळात बेस नसणं हे आहे, म्हणजे फरक पडला ना?

याहून चोख तपासणी हवी असेल तर न्यूयॉर्कचा डीएनए हा बँड घ्या. १९७८च्या ‘नो न्यूयॉर्क’ या संकलनात त्यांच्याकडे गिटार, कीबोर्ड आणि ड्रम एवढंच आहे. नंतर कीबोर्डवाला रॉबिन क्रचफील्ड बँड सोडून गेला आणि पेर उबू या बँडमधून आलेल्या टिम राइटने बेस धरला. १९८१च्या ‘अ टेस्ट ऑफ डीएनए’वर सहाच छोटी गाणी आहेत. आर्टो लिंडसेची गिटार तशीच ओरबाडते, इकुए मोरीचे ड्रम तसेच तुटक आहेत. राइट मात्र आखूड, ठाशीव तुकडे पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, त्यामुळे गिटारचा प्रत्येक ओरखडा कशाच्या तरी आधी किंवा नंतर पडू लागतो. ही दोन्ही रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐका आणि मग तोच दावा पुन्हा पुढे पाठवून दाखवा.