'अडाणीपणाचा श्रीमंती थाट': एका प्रतिक्रियेला उत्तर

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या आमच्या नव्या घराबद्दल, म्हणजे त्याचा पाया, चौक आणि पडवी याबद्दल, मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने मोठी प्रतिक्रिया दिली आहे. ते मूळचे यवतमाळकडचे, सिव्हिल इंजिनिअर, आता पुण्यात असतात. त्यांचं म्हणणं असं: मुलं बाहेर शिकतात, उद्या एवढ्या मोठ्या घराला कुलूप लागेल. सेवाग्राम इतकं जवळ असून तुम्ही त्यातून काही घेतलं नाही. त्याच पैशात सगळं शिवार ठिबकखाली आलं असतं. आणि मग हे वाक्य: "आपले पूर्वज पांढरीवर राहायचे आणि काळी पिकासाठी ठेवायचे. काळीवर दुमजली वाडा चढवणं हा निव्वळ अडाणीपणाचा श्रीमंती थाट आहे, पाच पावसाळ्यांत भिंती फाटतील."

दादा, एक गोष्ट आधीच मान्य करतो. मी चौकाचं माप दिलं, पण घराचं एकूण क्षेत्रफळ दिलं नाही. ते द्यायला हवं होतं. पण एवढ्यावरून तुम्हाला 'अडाणी' हा शब्द वापरायचा अधिकार कोणी दिला?

हा शब्द माझ्या वडिलांनी जन्मभर ऐकला. कापूस विकायला गेले तेव्हा ऐकला, कर्जाच्या कागदावर सही करताना ऐकला. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, पण वावरात चालताना टाचेखालच्या मातीवरून ते सांगायचे, खाली ओल किती आहे आणि पेरणीला अजून किती थांबायचं. काळी माती काय करते हे शिकायला आमच्या घरात कोणाला पुण्याला जावं लागलं नाही. मे महिन्यात आमच्या वावरातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच भेगा मिटून जमीन वर येते. हे फुगणं आणि आकसणंच भिंती फाडतं. हे आम्हाला ठाऊक नाही असं गृहीत धरून तुम्ही लिहिलंत, आणि मला लागलं ते हेच.

पूर्वज पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या पांढरट जमिनीवर, राहायचे आणि काळी शेतीला ठेवायचे, बरोबर आहे. पण त्या पांढरीवर आता जागा कुठे उरली आहे? आजोबांचं कवेलूचं घर होतं, पुढे ओसरी, मागे कोठा. दोन पिढ्यांच्या वाटण्या झाल्या आणि आमच्या वाट्याला गावठाणात एक खोली आणि गल्लीतली नाली आली. आम्ही तीन भाऊ, तिघांचे संसार, आणि आई. एकत्र राहायचं ठरवलं तर गावठाण सोडून वावराच्या कडेला येणं भाग होतं. पूर्वजांना हा प्रश्न पडला नव्हता, म्हणून त्यांनी काळीवर बांधलं नाही.

आता पायाबद्दल सांगतो. माती आम्ही आधी तपासून घेतली. मातीची बारीक भुकटी करून दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांत टाकतात, एकीत केरोसीन आणि दुसरीत शुद्ध पाणी. चोवीस तासांनी दोन्हींतली पातळी मोजतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, आणि त्या फरकावरून जमीन किती दगाबाज आहे ते कळतं. आमचा निकाल वाईट होता. मुरूम चार-पाच फुटांवर लागला असता तर वरची काळी काढून मुरमावरच फूटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद काँक्रीटचा तळ, टाकलं असतं. तेच स्वस्त पडतं आणि पुरतंही. पण आमच्याकडे बारा फुटांपर्यंत काळीच निघाली. म्हणून अंडर-रीम्ड पाइल घेतले, म्हणजे खोल गोल भोक पाडून त्याच्या तळाकडे व्यासाच्या साधारण अडीच पट फुगवटा करायचा आणि सळई सोडून काँक्रीट भरायचं. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशात अशाच जमिनींसाठी रुजवली. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. साडेतीन मीटरच्या आसपास गेलं की ओलावा उन्हाळा-पावसाळ्यात फारसा बदलत नाही आणि घराचा भार त्या शांत थरावर बसतो.

पाइलच्या डोक्यावरून जाणाऱ्या बीमखाली आम्ही मुद्दाम पोकळी सोडली आहे. माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल, बीमला उचलणार नाही. मिस्त्री ती पोकळी मुरूम ठासून भरायला निघाले होते, कारण गावात सगळे तसंच करतात. माझा धाकटा भाऊ तिथे उभा राहिला आणि त्याने ती भरू दिली नाही. घराभोवती उताराची रुंद पक्की पट्टी आहे, गच्चीचं पाणी पाइपाने दूर नेलं आहे, आणि कडुनिंब भिंतीपासून लांब लावला आहे, कारण मोठं झाड मुळांनी ओल ओढतं आणि त्या बाजूची जमीन खचते. यातली प्रत्येक गोष्ट लेखात होती. तुम्ही तो वाचला असता तर 'पाच पावसाळे' हे भाकीत केलं नसतं.

चौकालाही तुम्ही थाट म्हटलंत. आपल्याकडे २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि त्याच दिवसांत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. खांबाची सावली त्याच्या बुडातच राहते. म्हणजे भर दुपारी मार छपरावर आणि त्यानंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पारा ४५-४६ वर गेला की पश्चिमेची खोली रात्री दोनपर्यंत तापलेली असते. म्हणून आम्ही जिना, भांडार आणि न्हाण्या पश्चिमेला टाकल्या आणि निजायच्या खोल्या आत चौकाकडे घेतल्या. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असल्यामुळे कूलर उत्तम चालतो, पण त्याने आत ढकललेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. बंद फ्लॅटमध्ये तोच कूलर सगळं दमट करून टाकतो. आमच्याकडे ती हवा चौकातून वर जाते. रात्री चौक उघड्या आकाशाखाली निवतो, दारं उघडी टाकली की खोल्याही निवतात. चौक काढला असता तर सात खोल्यांना सात एसी लागले असते, आणि उन्हाळ्यात गावची वीज किती वेळ असते ते तुम्हाला तिकडे बसून आठवत नसेल.

हो, घर महाग आहे. सागवानी दारं आहेत, प्रत्येक खोलीला न्हाणी आहे. माझी आई पऱ्हाटीच्या धुरात स्वयंपाक करत म्हातारी झाली आणि गुडघे गेल्यावरही पावसाच्या रात्री कंदील घेऊन मागच्या अंगणात जायची. आज तिच्या खोलीला लागून बिनउंबऱ्याची न्हाणी आहे, भिंतीला धरायला दांडा आहे, स्वयंपाकघरात धूर ओढणारी चिमणी आहे. पुण्यात हेच सगळं असलं की तुम्ही त्याला 'सुविधा' म्हणता. गावातल्या माणसाने स्वतःच्या पैशाने केलं की तो थाट होतो. हा भेद मी ऐकून घेणार नाही.

सेवाग्रामचं म्हणाल, तर बापूकुटी आम्ही घरातल्या सगळ्यांनी पाहिली आहे. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले. बापूकुटीच्या जाड मातीच्या भिंती आणि खाली उतरलेली वळचण पाहूनच आमच्या पडवीचं छप्पर तेवढं खाली घेतलं. तीन कुटुंबं एका कुटीत राहत नाहीत, एवढंच म्हणतो.

मुलं परत येतील की नाही, हा आमच्या घरातला विषय आहे. त्यावर तुमच्याशी बोलणार नाही. आणि ठिबक आमच्या संत्र्याला आहे, ते तुम्हाला सांगायची गरज मला वाटली नव्हती.

माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाचा नकाशा पुढच्या लेखात टाकतो आहे. त्यात चूक दिसली तर जरूर लिहा. पाइलची खोली, सळईचा व्यास, दोन पाइलमधलं अंतर, जे खटकेल ते आकड्यानिशी लिहा, मी आमच्या इंजिनिअरला दाखवून उत्तर देईन. पुन्हा नुसतं 'अडाणी' लिहिलंत तर ती प्रतिक्रिया इथे राहणार नाही.