एक स्टारवाल्या साहेबांना गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू परवा रात्रीच वाचला, पण लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी तुमचा जुना सेन्सर शोधायचा होता, तो भंगाराच्या डब्यात तळाला सापडला. त्याचं काय झालं ते खाली सांगतो.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. साहेबांच्या गाडीत डॅशबोर्डवर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सिस्टम) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी घसरू न देणारी) दोन्ही लाईट पेटल्या, आम्ही पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड मोजणारा सेन्सर बदलून २,९०० घेतले (सेन्सर १,८५०, लेबर ४५०, स्कॅनिंग ६००), चार दिवसांनी सोसायटीच्या गेटमध्ये उजवीकडे वळताना लाईट परत आली, ते आमच्याकडे आले तर आमचा गॅरेजमधला पोरगा बोलला गाडी ठेवून जा, मग त्यांनी चिडून दुसरीकडे ३०० रुपयांत दहा मिनिटांत लाईट घालवून घेतली. आणि स्कॅनिंगचे ६०० म्हणजे लूट, कारण त्यांच्या स्वतःच्या ब्लूटूथ स्कॅनरमध्ये एकही एरर नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

आधी आमची चूक. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं मशीन) कोड आला होता सी ००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या स्पीड सेन्सरचं सर्किट. आता सर्किट म्हटलं की सेन्सर आला, त्याची वायर आली, कपलर म्हणजे वायर जोडायचा प्लग आला, पार एबीएसच्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरपर्यंत सगळं आलं. पोराने कोड वाचला आणि थेट सेन्सर मागवला. बऱ्याचदा हे खपून जातं कारण पावसाळ्यात मुंबईत हिंदमाता, मिलन सबवेच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांचे सेन्सर नाहीतर कपलर खरंच जातात, त्यामुळे सवय लागते. पण तुमच्या गाडीचा सेव्ह केलेला डेटा मी काल परत बघितला तर त्यात चारही चाकं १८-१९ च्या स्पीडला एकसारखी धावतायत. मेलेला सेन्सर शून्य दाखवतो हो, हा तर बाकीच्या तिघांबरोबर नीट चालला होता. तिथेच थांबायला पाहिजे होतं, नाही थांबलो.

मग काल शटर ओढल्यावर तो जुना सेन्सर टेबलावर घेतला. हे आजकालचे सेन्सर नुसता ओहम मोजून कळत नाहीत, त्याला १२ व्होल्ट द्यायला लागतात, म्हणून सिरीजमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाकला आणि एक जुनी बेअरिंग त्याच्या तोंडासमोर हळूहळू हाताने फिरवली. बेअरिंगच्या सीलमध्ये बारीक बारीक लोहचुंबक असतात, ते समोरून गेले की सेन्सर ७ मिलिअँपचे १४ करतो. रेझिस्टरवर लावलेल्या मीटरवर ०.७ व्होल्ट, १.४, परत ०.७, परत १.४, एकदाही चुकला नाही. म्हणजे चांगला सेन्सर काढून आम्ही तुम्हाला नवा विकला. त्यामुळे सेन्सर आणि लेबर मिळून २,३०० रुपये परत, कधीही या. नवा सेन्सर गाडीतच राहू द्या, हे दमट हवेत नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो लोखंडी भाग) भोकात गंजून बसतात आणि काढताना तुटतात, तुमचा जुना अख्खा निघाला हे नशीब.

स्कॅनिंगचे ६०० मात्र परत देणार नाही, राग मानू नका. तुमच्याकडे आहे तसे स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनाचे पी वाले कोडच वाचतात, एबीएसचं मॉड्यूल वेगळं, त्याचे सी वाले कोड त्यात येतच नाहीत. म्हणून तुम्हाला काहीच एरर दिसला नाही. आणि बिघाड दोन नव्हते, एकच होता, ट्रॅक्शन कंट्रोल त्याच चार सेन्सरवर चालतं त्यामुळे एक चाक बोलायचं थांबलं की दोन्ही लाईट जोडीने येतात.

आता खरी गोष्ट तुमच्याच रिव्ह्यूत आहे, उजवीकडे वळताना. हे आम्ही गाडी घेताना विचारायला हवं होतं, नाही विचारलं. सेन्सरची वायर नकलपासून आत बॉडीत जाते, स्टेअरिंग फिरवलं की दरवेळी ती पिळते, कधीकधी वरचं रबर एकदम ठणठणीत दिसतं आणि आत तांब्याच्या तारा तुटलेल्या असतात, सरळ रस्त्यावर टोकाला टोक चिकटून राहतं, फुल स्टेअरिंग मारलं की सुटतं. आम्ही ट्रायल मारली भांडुप ते कांजूर, नाकासमोर सरळ, लाईट येणारच कशी. गाडी न बघता छातीठोक सांगत नाही पण माझा संशय वायरवरच आहे. पोरगा गाडी ठेवून जा बोलला ते याचसाठी, चाक लटकवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत वायर चाचपायला वेळ लागतो. फक्त त्याने ते तुम्हाला नीट समजावलं नाही, त्याला मी बोललोय.

३०० वाल्यांबद्दल जास्त बोलत नाही, त्यांनाही पोट आहे. पण दहा मिनिटांत कोड पुसता येतो, तुटलेली वायर जुळत नाही. एक बघा, चावी ऑन केल्यावर दोन्ही लाईट काही सेकंद पेटून विझल्या पाहिजेत. पेटतच नसतील तर डॅशबोर्डच्या मीटरच्या मागे हात घालून कोणीतरी लाईटच बंद केलीय.

तुम्ही लिहिलंय की ब्रेक तर लागतोय, मग एबीएस कशाला, पूर्वी कुठे होतं. बरोबर, साधा ब्रेक लागतोच. पण पहिल्या पावसात हायवेवर तेल वर येतं तेव्हा जोरात दाबलात तर चाकं जाम होतात आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी सरळच घसरत जाते, उगाच नाही एप्रिल २०१९ पासून सगळ्या नवीन कारना सक्तीचं केलं. आणि एबीएससोबत हँडब्रेकवाली लाल लाईटही आली तर चालवत येऊ नका, फोन करा, आम्ही येतो.

वायर निघाली तर जोडणीचं लेबर घेणार नाही, हार्नेसचा (वायरींच्या जुडग्याचा) तुकडा बदलायला लागला तर तेवढे सामानाचे पैसे, ते आधी सांगून. बुधवारी बंद असतो. सकाळी दहाच्या आत आलात तर लिफ्ट मोकळी असते. आणि मधे लाईट परत आली तर यावेळी कुठे पुसून घेऊ नका, पेटलेलीच घेऊन या.