आधी रंग ठरवा, मातीचं नंतर बघू

जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की होटगी रोडच्या पलीकडचं नवं प्लॉटिंग, अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं मनात आलं की सुजाण माणसानं सगळ्यात आधी एक तारीख धरावी. मुलीचा साखरपुडा, वास्तुशांत, गेला बाजार पुण्याहून येणारे व्याही. त्या तारखेला आठ-दहा दिवस उरेपर्यंत कुणाकडे चकार शब्द काढू नये. हातात वेळ असला की माणूस विचार करू लागतो, विचार करू लागला की प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक कुठल्याच कंत्राटदाराला आवडत नाही. घाईतलं गिऱ्हाईक मात्र सगळ्यांचं लाडकं.

तारीख ठरली की रंग ठरवा. ह्याला वेळ द्या, भरपूर द्या. लाल-पिवळा की लाल-करडा, जिगझॅग की डमरू, मधोमध कमळ की स्वस्तिक, ह्यावर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतं मागवा. ज्यांना तुमच्या अंगणात वर्षातून एकदा पाय ठेवायचाय, त्यांची मतं आधी धरा. नमुन्याचे दोन ब्लॉक आणून टीपॉयवर मांडा, आल्यागेल्याला दाखवा. फक्त ते एकमेकांवर आपटून खणखणीत वाजतात की भद्द, हे तपासू नका. एखादा फोडूनही बघू नका. आतली कच भुगा होऊन तळहातावर आली तर चहाची चव जाते.

ह्या ब्लॉकसाठी भारतीय मानक ब्युरोनं आयएस १५६५८ नावाचं मानक २००६ साली काढून ठेवलंय. नुसत्या चालण्याच्या जागेला ५० मिलिमीटर जाडी नि एम-३० दर्जाची ताकद, हलक्या वाहनांना ६० मिलिमीटर नि एम-३५, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर नि एम-४०. ब्लॉकनं पाणी किती प्यावं ह्याचीसुद्धा मर्यादा त्यात आहे, सरासरी सहा टक्के. पण दुकानात जाऊन चाचणीचा दाखला मागितलात तर समोरचा तुम्हाला इन्कम टॅक्सवाला समजेल. त्यापेक्षा 'एक नंबर माल आहे की ओ' हा तोंडी दाखला घ्या. तो फुकट मिळतो आणि कधी संपत नाही.

मातीचा विषय मात्र काढू नका.

आपल्याकडच्या बऱ्याच नव्या कॉलन्या कालपरवापर्यंत ज्वारीची रानं होती. रान एनए, म्हणजे बिगरशेती झालं, प्लॉट पडले, बंगले झाले, पण खालच्या काळ्या मातीला कुणी ते कळवलं नाही. ती अजून रानातल्यासारखीच वागते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ती फुगते, उन्हानं आक्रसते, आणि मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत पंजा जाईल. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या पुढेमागे. म्हणजे महिनोन् महिने वाळायचं आणि मग थोड्या दिवसांत फुगायचं. असल्या जमिनीवर नुसते ब्लॉक मांडणं म्हणजे सुंभ सैल झालेल्या बाजेवर नवी सोलापुरी चादर अंथरणं. चादर सुरेख दिसते. बसू नका म्हणजे झालं.

आता कुणीतरी हिशेबी मेव्हणा निघतोच. तो कागद-पेन घेऊन बेरीज मांडेल. ब्लॉक ६० मिलिमीटर, त्याखाली क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा थर ३० मिलिमीटरच्या आसपास, त्याखाली दाबून बसवलेला मुरूम निदान १५० मिलिमीटर, काळी माती खोल असेल तर त्याहूनही जास्त. झाले २४० मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ इंच. जुन्या पातळीलाच काम संपवायचं तर तेवढं खोदायला हवं. मेव्हण्याला शेंगदाण्याची चटणी नि कडक भाकरी द्या आणि गप्प बसवा. तुमच्या कंत्राटदारानं आधीच सांगितलंय, "चार बोटं खरवडू की ओ मालक, बास होतंय." बोटं त्याची, अंगण तुमचं. कुणाची बोटं किती जाड, ह्यावर वाद कशाला?

शिवाय खोदाईचा व्याप बघा. वीस बाय तीसचं अंगण धरलं तर ६०० चौरस फूट. दहा इंच खोदलं तर ५०० घनफूट माती, म्हणजे पाच ब्रास, आणि उकरलेली माती सैल होऊन त्याहून जास्त भरते. ती टाकायची कुठं? तर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. मालक मुंबईत असतो, त्याला काय कळतंय. मग त्या खड्ड्यात सहा इंच मुरूम भरायचा तर दाबून ३०० घनफूट लागणार, म्हणून आणताना तीनाऐवजी चार ब्रास आणावा लागणार. एवढं सगळं करण्यापेक्षा दोन ट्रॉल्या येतात, फावड्यानं पसरतात, हिरव्या पाइपनं वरून पाणी मारतात आणि काम पुढं सरकतं. मुरूम चार-चार इंचांच्या थरांत टाकावा, प्रत्येक थर ओला करून प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबावा, असं जाणकार म्हणतात. कॉम्पॅक्टर भाड्यानं आणावा लागतो. तुमची गाडी घरचीच आहे. "मालक, तुमची स्विफ्ट फिरवा की दोन वेळा वरून," असं मुकादम म्हणाला की आनंदानं किल्ली काढा.

मुरमात उरलेले खळगे क्रश सँडनं भरून काढतात, तेही बघू नका. वाळूचा थर सगळीकडे सारखा आणि पातळ असला तर ब्लॉक सारखे बसतात. कुठं एक इंच, कुठं चार इंच असला तर जिथं चार इंच, तिथं पुढं खड्डा. पण काम संपतं त्या संध्याकाळी दोन्ही अंगणं हुबेहूब दिसतात, आणि फोटो त्याच संध्याकाळी काढायचे असतात.

उताराबद्दलही असंच उदार मन ठेवा. घरापासून फाटकाकडे दर दहा फुटांना साधारण दोन इंच उतार द्यावा, असा ठोकताळा आहे. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरतात, दोघं दोन टोकांना उभे राहतात, नळीतलं पाणी स्थिरावलं की भिंतीवर खुणा करतात आणि त्या खुणांवरून दोरी ताणतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण तुमच्याकडच्या मिस्त्रीला एक डोळा मिटून लेव्हल कळत असेल तर नळी कशाला? पाण्याला तरी कुठं नळी लागते, ते आपोआप खालच्या बाजूला जातंच. आता ती खालची बाजू तुमचा जोता निघाला, तर निघाला.

तरी एक हिशेब जाताजाता सांगतो, लक्षात ठेवू नका. ६०० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला तर जवळपास १,४०० लिटर पाणी होतं. कालपर्यंत त्यातलं बरंचसं मातीत जिरत होतं. दाबून बसवलेल्या ब्लॉकांच्या फटींतून फार थोडं जिरणार. म्हणजे बाकीच्याला वाट द्यावी लागेल. ज्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पाणी आलं की बादल्या-घागरी-पिंपं सगळी भरून ठेवतात, तिथं अंगणाच्या कोपऱ्यात एखादा शोषखड्डा काढावा किंवा हे पाणी गाळून बोअरजवळ जिरवावं, असं एखाद्याला वाटू शकतं. तसं वाटू देऊ नका. खड्ड्यानं डिझाइन बिघडतं, कमळाची पाकळी कापावी लागते. पाणी गटारात सोडा, उन्हाळ्यात टँकर मागवा. आणि २०२० च्या ऑक्टोबरात जिल्ह्यात झाला तसला पाऊस काय रोज येतो?

आधीच अंगणात शहाबादी फरशी असेल तर तुमच्यासारखं भाग्यवान कुणी नाही. ती काढूच नका, तिच्यावरच वाळू नि ब्लॉक चढवा. ह्यानं अंगण साडेतीन-चार इंच वर येतं आणि अनेक लाभ एकदम होतात. पहिली पायरी अर्धी होते, गुडघेदुखीवाल्या आजी खूश. फाटकाची झडप आत उघडेना झाली की वेल्डरला बोलावून खालून पट्टी कापून घ्यायची. मग फाटक बंद केलं की कापलेल्या पट्टीच्या जागी खाली फट राहते, तिच्यातून कॉलनीतली कुत्री ये-जा करतात, त्यांच्यासाठी जाळी बसवायची. जोत्यातला ओल अडवणारा थर ब्लॉकच्या पातळीच्या चांगला सहा इंच वर राहायला हवा, पण तो बाहेरून दिसत नाही. हॉलच्या भिंतीचा रंग खालून सुटू लागतो तेव्हा दिसतो, आणि त्याचा दोष रंगाऱ्याला देता येतो.

चेंबरचं झाकण, हौदाचं झाकण, नळाचा कॉक, हे तीन शत्रू नीट ओळखून ठेवा. अंगणाची सगळी शोभा हे घालवतात. झाकणं नव्या पातळीला उचलून घ्यायला कडेचं बांधकाम वाढवावं लागतं, त्यापेक्षा वरून सरळ ब्लॉक घेऊन जा. भिंतीपासून किती फुटांवर चेंबर आहे, हे कुठं लिहून ठेवू नका, फोटोही काढू नका. रविवारी सकाळी, पाहुणे घरात असताना, ड्रेनेज तुंबलं की सगळं घर मिळून अंगणात पहार घेऊन चेंबर शोधतं. एकत्र कुटुंबाला असे प्रसंग दुर्मीळच. फाटकावरच्या दिव्याची वायर, पुढेमागे कॅमेरा, झाडांना पाण्याची नळी, ह्यांच्यासाठी आत्ताच ब्लॉकखालून एक-दोन रिकामे पीव्हीसी पाइप टाकून ठेवले तर पुढं उकरावं लागत नाही. पण मग पुढं करायचं तरी काय?

कडुनिंब असेल तर त्याच्या बुंध्याला ब्लॉक अगदी भिडवा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर परिसरातलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, पण ते दिल्लीत. आपला कडुनिंब समजूतदार आहे, तो मुळं फुगवून स्वतःच ब्लॉक उचलतो. नसेलच उचलत तर वाळतो, आणि मग एप्रिलमध्ये त्रेचाळीस अंशांत अंगणात खुर्ची टाकायला कुठंच जागा राहत नाही. गडद लाल ब्लॉक दिवेलागणीनंतरही तापलेलेच असतात. अनवाणी तुळशीला पाणी घालायला जाणाऱ्यांनी पहाटेची वेळ धरावी.

कडेला कर्ब स्टोन किंवा काँक्रीटची पट्टी टाकायचं कुणी सुचवलं तर तो खर्च हसून टाळा. ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात, त्यांना बाहेरून कोण धरणार, हा प्रश्न अध्यात्माचा आहे.

कंत्राटदार निवडायची पद्धत सोपी. तीन जणांना बोलावून तिघांकडून एकाच मापावर, खोदाई किती, मुरूम किती इंच, ब्लॉकची जाडी किती, कड धरलीय की नाही, तुटफुटीची घट किती टक्के, असं वेगवेगळं लिहून घेणं हे मारवाड्याच्या दुकानातही कुणी करत नाही. पाव्हण्यातला एक जण धरा. "मालासह फिटिंग, एवढे रुपये फूट" असं तो लग्नपत्रिकेच्या मागं लिहून देईल. जो सगळ्यात कमी सांगतो त्यानं काय गाळलंय हे विचारलंत तर तोही वाढवून सांगेल, म्हणून विचारू नका. त्याच्या मोबाइलमधली कामं बघा, नुकतीच धुतलेली, ओली, चकचकीत. "दोन पावसाळे बघितलेलं एखादं काम दाखवा," असं चुकूनही म्हणू नका. माणसाचं मन दुखावतं.

पैसे मात्र आधी द्या. ऐंशी टक्के तरी. त्या पैशांत दुसऱ्या साइटचा माल येतो आणि तुमच्याकडे वाळूचा ढीग पडतो, त्यावर गल्लीतली पोरं खेळतात, मांजरं येतात. चौकशी केलीत तर कळेल की माणसं गावाला गेलीत, जत्रा आहे. सोलापूर जिल्ह्यात जत्रा कुठं नाही? सोसा.

तारखेपर्यंत काम होतंच. ताणून होतं, रात्री हॅलोजन लावून होतं, पण होतं. व्याही येतात, वाखाणतात. मग एक पावसाळा जातो, दुसरा येतो, आणि फाटकापासून पोर्चपर्यंत चाकांच्या दोन लांबच लांब चाकोऱ्या उमटतात. त्यांत पाणी साचतं. फटींतली वाळू मुंग्या इमानेइतबारे वर आणून ढीग घालतात, तिच्या जागी हरळी येते. ह्या ब्लॉकांची एक सोय आहे, ती काँक्रीटला नाही. ते उचलता येतात, खालचा मुरूम नीट भरून-दाबून तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात, नवे घ्यावे लागत नाहीत. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही, आणि तुम्हीही कुणाला विचारू नका.

नवा कंत्राटदार बोलवा. तो चाकोरीपाशी उकिडवा बसेल, बोटानं ब्लॉक हलवून बघेल, च्च करेल. "कुणी केलं ओ मालक हे? साठचा टाकलाय, म्हणून बसलंय. आपण ऐंशीचा टाकू." खाली काय आहे हे तो बघणार नाही, तुम्हीही दाखवू नका. हो म्हणा. जुने ब्लॉक तोच टेम्पोत भरून नेईल. नेण्याचं भाडं तुमच्याकडून घेईल आणि जिथं उतरवेल तिथल्या मालकाकडून त्यांची किंमत.