ट्रँगलच्या मुलींचा संप आधी सांगा, आग नंतर

दरवर्षी 25 मार्चला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यातल्या आगीबद्दल कुणी ना कुणी लिहितं. साल 1911, मृत्यू 146, त्यात 123 मुली आणि बायका. बहुतेक जणी पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू, नाहीतर इटालियन. सगळ्यात लहान मुली 14 वर्षांच्या. वाचून कुणाचेही डोळे भरून येतील. पण या मुली आपल्याला भेटतात त्या फक्त मरताना, याचा मला मनापासून राग येतो. सव्वा वर्ष आधी त्याच मालकांशी त्या भांडल्या होत्या, ते कुणी सांगत नाही.

22 नोव्हेंबर 1909, न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या कॉलेजचा हॉल ब्लाउज शिवणाऱ्या कामगारांनी खच्चून भरलेला. पुढाऱ्यांची जपून, तोलूनमापून भाषणं दोन तास चालली होती. तेव्हा क्लारा लेमलिख नावाची 23 वर्षांची मुलगी पुढे आली. जन्म युक्रेनमधला. त्याआधीच्या एका संपावर असताना गुंडांनी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ती यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत म्हणाली, भाषणं पुरे झाली, सार्वत्रिक संप करू या. सगळ्या हॉलनं हात वर करून शपथ घेतली: फितूर झाले तर हा हात झडो. मग 20 हजारांहून जास्त कामगार रस्त्यावर आले, बहुतेक तरुण मुलीच.

मागण्या काय, तर आठवड्याला 52 तास काम, युनियनला मान्यता, आणि सुई-दोऱ्याचे पैसे आमच्या पगारातून कापू नका. हो, शिवायचं मालकासाठी आणि सुया स्वतःच्या खर्चानं! एवढ्यासाठी ऐन हिवाळ्यात मार खाल्ला, तुरुंगात गेल्या. एका मॅजिस्ट्रेटनं तर सुनावलं की तुमचा संप देवाविरुद्ध आहे.

फेब्रुवारी 1910 पर्यंत बहुतेक कारखान्यांनी करार केले. ट्रँगलनं युनियन मानलीच नाही.

आता ट्रँगलच्या नवव्या मजल्यावरचा दरवाजा बघा. वॉशिंग्टन प्लेस या रस्त्याच्या बाजूचं दार बंद ठेवायचे. सुटताना सगळ्यांनी एकाच दारानं बाहेर पडायचं, पर्स उघडून दाखवायची, म्हणजे कपडा चोरीला जाणार नाही. 25 मार्च 1911 च्या त्या शनिवारी सुटायची वेळ झालेली असताना आग लागली. दहाव्या मजल्यावरचे मालक गच्चीवरून निसटले. नवव्या मजल्यावर कुणी कळवलंसुद्धा नाही. बंबांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. खटल्यात मालक हॅरिसनं कबूल केलं की चोरीला गेलेला माल 25 डॉलरच्या वर नसेल. तरीही दोघे मालक निर्दोष सुटले. त्यातल्या ब्लँकला 1913 मध्ये दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल पुन्हा पकडलं. दंड 20 डॉलर!

आगीनंतर शोकयात्रेत लाखाच्या वर लोक चालले, कायदे बदलले, सगळं खरं. पण याच मुली जिवंतपणी मार खात होत्या तेव्हा ही गर्दी कुठे होती? म्हणून माझी विनंती आहे, 25 मार्चला लिहिताना 22 नोव्हेंबरही लिहा. क्लाराचं नाव लिहा. कारखानदारांनी तिला काळ्या यादीत टाकलं, तरी ती थांबली नाही. म्हातारपणी लॉस एंजेलिसच्या वृद्धाश्रमात राहायला गेली, तर तिथल्या सेवकांना युनियन बांधायला मदत करू लागली.